उत्तरं मागच्या पानावर

९ जानेवारी

तुझी धाकटी बहीण परवा दुकानात आली होती. बसली नाही. मी एका शिलाई मशीनचा खालचा पत्रा उघडून बसलो होतो. तिच्याकडे न बघताच म्हणालो, "ये." ती म्हणाली, "भाऊजी, ताईनं विचारलंय, तुमचे सरावाचे कागद मिळतील का? बारा एप्रिलला तिची इंग्रजीची परीक्षा आहे."

मी म्हटलं, "तिनं विचारलंय, की तुझं तूच विचारतेयस?"

"मला काय करायचंय इंग्रजी? माझा नवरा आपल्या भाषेत सांगितलेलं ऐकत नाही." एवढं बोलून ती हसली. मग इथं हसायला नको होतं असं तिच्या लक्षात आलं आणि ती गेली.

परीक्षा कसली, तेही तिनंच दारातून सांगितलं. परदेशातल्या त्या इस्पितळात तू सध्या कपडे धुण्याच्या विभागात आहेस. पास झालीस तर वॉर्डात घेतील आणि नोकरी कायम होईल. नापास झालीस तर सप्टेंबरात करार संपतो आणि परत यावं लागतं. परत म्हणजे बहिणीकडे की इथं, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. पण निदान याच गावात.

म्हणजे मी कागद पाठवले आणि ते उपयोगी पडले, तर तू तिथलीच झालीस. हे मला समजलेलं आहे. समजलेलं नाही असं तुला वाटू नये म्हणून लिहिलं.

सोबत कागद क्रमांक एक ते अठरा. प्रत्येकावर वीस रिकाम्या जागा. शेवटी पाच वाक्यं आपल्या मनानं करायची. उत्तरं मागच्या पानावर. आधी सोडवायचं, मगच कागद उलटायचा. तुला हे सांगायची गरज नाही, पण सगळ्यांना सांगतो म्हणून सांगितलं. पेन्सिलनं लिही. सोडवलेले कागद परत पाठव, तपासून देईन.

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गातला लिफ्टवाला म्हणाला, "मास्तर, फोटो काढून धाडा की, मिनिटात पोचतील." मी नाही म्हटलं. कागदावर पेन्सिल टेकल्याशिवाय डोक्यात काही टिकत नाही. मी स्वतः मशीनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांवरून इंग्रजी शिकलो, अकरा वर्षं, कुणाच्या पायाशी न बसता. कसं शिकतात ते मला कळतं.

तब्येत ठीक आहे. विचारलेलं नाहीस, तरी.


३ फेब्रुवारी

कागद मिळाले. पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून पाकीट बाजूंनी कापून उघडं केलं. नव्हती.

तपासले. वीसपैकी सतरा, अठरा, पंधरा, एकोणीस, असे गुण आहेत. पंधरा आहेत त्या कागदावर तुझं लक्ष नव्हतं. अक्षर उजवीकडे उतरत गेलंय, म्हणजे मांडीवर धरून लिहिलं असणार. टेबल घे.

मनानं केलेली वाक्यं मी दोनदा वाचली. ती अशी. माझ्या खोलीत आणखी दोघी आहेत. त्यांतली एक झोपेत गाते. मी रोज तीनशे चादरींच्या घड्या घालते. खिडकी उघडत नाही. मी कामावर चालत जाते.

पाचही बरोबर. पण मी वर्गात नेहमी सांगत आलो की सरावाचं वाक्य बरोबर असलं म्हणजे झालं, ते खरं असायची सक्ती नाही. ड्रायव्हर तर सहा महिने लिहीत होता की त्याची तीन घरं आहेत आणि चारही भाड्यानं दिलीत. तेव्हा तुझी खिडकी खरोखर उघडत नाही की ते नुसतं वाक्य आहे, हे मला कळायला मार्ग नाही. खरी असेल आणि सरकती असेल, तर खालच्या खाचेत कचरा बसला असणार. जुन्या दात घासायच्या ब्रशनं कोरडीच साफ कर. तेल घालू नकोस, तेलानं धूळ आणखी धरते. नुसतं वाक्य असेल तर सोडून दे.

वर्ग चालू आहे. सहा जण. ड्रायव्हरची मुलाखत झाली. साहेबानं विचारलं, कसे आहात? हा म्हणाला, मी चालू स्थितीत आहे. साहेब पाच मिनिटं हसत होता म्हणे. नोकरी मिळाली. बेकरीवाला म्हणतो, "मास्तरांकडे शिकलेला माणूस लगेच ओळखू येतो, बोलायच्या आधी प्लग लावतो." मशीनच्या पुस्तकातली भाषा स्वच्छ असते. तिच्यात कुणी कुणाला उगाच लाडीगोडी लावत नाही.

वर्गातला चहा बंद केला. बेकरीवाल्यानंच विचारलं. मी म्हटलं, ही शाळा आहे की हॉटेल?

सोबत कागद एकोणीस, मग एकदम एकवीस ते तेवीस. वीस नंबर यादीतून काढला आहे. पाकिटातून गहाळ झाला असं समजू नकोस.


२५ फेब्रुवारी

बावीस नंबरच्या कागदाखाली तू चार वाक्यं चादरींची आणि पावसाची लिहिलीस आणि पाचवं लिहिलंस: वीस नंबरचा कागद कुठे आहे?

वाक्य बरोबर आहे. पाचपैकी पाच दिले.

कागद दुकानात आहे, खालच्या खणात, सुट्या सुयांच्या डबीखाली. फाडलेला नाही. मी कागद फाडत नाही.

आता तू विचारलंसच, तर लिहितो. शिकवायला चुका लागतात. नुसती बरोबर वाक्यं दाखवून कुणी शिकत नाही. म्हणून मी एक कागद करायचा ठरवला, चुका दुरुस्त करा या नावाचा. त्यासाठी चुकीची वाक्यं हवी होती आणि ती मुद्दाम तयार करता येत नाहीत. मी करून पाहिली, ती खोटी वाटतात. त्याच सुमारास मला तुझी वही सापडली. शिवणाच्या डब्यात, अस्तराच्या कापडाखाली. आतल्या खोलीचं दार चार बोटं उघडं ठेवून तू वर्ग ऐकत होतीस, किती वर्षं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातली बारा वाक्यं घेतली. कुणाची आहेत ते सांगितलं नाही. नाव कुठंही नव्हतं.

हे असं लिहिलं की बरंच साधं वाटतं.

मला विचारलं असतंस तर मी शिकवलं नसतं का, असं पुढचं वाक्य लिहिणार होतो. पण तू विचारलं होतंस. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, मी कैचीला धार लावत होतो. मी म्हणालो, "तुला कुणाशी बोलायचंय इंग्रजीत? भांड्यांशी?" तू म्हणालीस, "भांडी निदान उत्तर देतात." आणि आत गेलीस. मी हसलो होतो. मला वाटलं, चांगली थट्टा झाली.

कागद मी संध्याकाळी सहाला वाटला. चौथं वाक्य होतं, माझा नवरा मशीन आहे. तुला लिहायचं होतं, माझ्या नवऱ्याचं मशीनचं दुकान आहे. बेकरीवाल्यानं मोठ्यानं वाचलं. "अरे वा! मास्तर, हा कोण पंडित?" ड्रायव्हर म्हणाला, "असा नवरा कुठं मिळतो? महिन्यातून एकदा तेल घातलं की झालं!" लिफ्टवाला बाकावर आडवा पडला हसून. तू तेव्हा दारात होतीस, हातात ट्रे, सात कप. तू सगळ्यांना कप दिलेस. बेकरीवाल्याचा बिनसाखरेचा होता, तो त्यालाच गेला. माझा तू स्टुलावर ठेवलास. नेहमी हातात द्यायचीस.

मीही हसलो. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. पेननं लिहितोय.

त्या दिवसापासून तू चार महिने या घरात होतीस आणि आपण बोलतही होतो. पाणी आलं का, किल्ली कुठंय, असं. मग तू करार दाखवलास. त्यावर तुझी सही आधीच झालेली होती, स्वच्छ, रेघेवर. मी ती बघितली आणि म्हणालो, "तारीख टाकायची राहिली." तू तारीख टाकलीस.

सोबत चोवीस ते अठ्ठावीस. क्रियापदांचे काळ. परीक्षेत शंभरातले तीस गुण यावरच असतात. साठला पास. अडलं तर मागची उत्तरं बघ आणि तशीच पाठ कर. ती नऊ वर्षं तपासलेली आहेत.


१९ मार्च

पाकीट काल आलं. चोवीसपासून अठ्ठावीसपर्यंत सगळं सोडवलंस. सव्वीस नंबरला वीसपैकी वीस.

त्या कागदाच्या मागं, माझ्या उत्तरांपाशी, तीन ठिकाणी पेन्सिलचं बारीक टिंब आहे. आठ, तेरा आणि सतरा. बाकी काही नाही. प्रश्नचिन्हही नाही.

त्या तीन उत्तरांत लिहिताना चूक झाली, घाईत होतो.

वरचं वाक्य तसंच ठेवतो, पण ते खरं नाही. मी कधी घाईत नसतो. पंचवीस फेब्रुवारीला मी पत्र लिहिलं, कागद जोडले आणि पोस्टाचे दरवाजे बंद व्हायला अजून अर्धा तास होता. मी सव्वीस नंबरचा कागद बाहेर काढला. त्याच मापाच्या कोऱ्या कागदावर पुढचे प्रश्न उतरवले, मागं उत्तरं पुन्हा लिहिली आणि तीन चुकीची घातली. कुठली तीन, तेही विचार करून. नेहमी विचारतात तीच. ती तू पाठ केली असतीस तर बारा ते पंधरा गुण गेले असते. मग पाकीट चिकटवलं आणि रांगेत उभा राहिलो. पुढच्या बाईला सुटे नव्हते, ते मी दिले. मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाईट नाही, बरं नाही. मशीन उघडल्यावर एखादा स्क्रू कुठं जातो ते जसं बघतो, तसं बघत होतो.

तू आधी सोडवलंस, मग कागद उलटलास, आणि जे बरोबर तेच ठेवलंस.

असं टिंब मी याआधी एकदा पाहिलं आहे. तुझ्या वहीत. मागच्या पत्रात मी सांगितलं की वहीतून बारा वाक्यं घेतली. त्याच्या आधी काय झालं ते सांगितलं नाही. वहीच्या मधल्या पानावर माझा सात नंबरचा कागद चिकटवलेला होता. त्यातल्या अकराव्या उत्तरापाशी टिंब होतं आणि बाजूला बारीक अक्षरात तुझं उत्तर. मी तिथंच उभा राहून वाचलं. मग कपाटातली तिन्ही पुस्तकं काढली. तिन्हींत तुझं उत्तर होतं. माझं चुकलं होतं. नऊ वर्षं, दर वर्षी दोन वर्ग, सगळ्यांना मी चुकीचं पाठ करून घेतलं होतं. चुकीचं बोलले की पट्टी आपटत होतो.

तू मला सांगितलं नाहीस. कधी शोधून काढलंस कुणास ठाऊक. टिंब जुनं होतं, पुसट झालं होतं. तेवढं माहीत असून तू मला रोज चहा आणून देत होतीस आणि मी ते चुकीचं उत्तर मोठ्यानं शिकवत होतो.

यावर एखाद्याला अभिमान वाटला असता. मी वहीचं पहिलं पान उघडलं आणि तुझ्या चुका शोधायला बसलो. दोन तास लागले, कारण त्या फारशा नव्हत्या. बारा मिळाल्या. त्या सुवाच्य अक्षरात उतरवल्या. सात नंबरचा कागद दुसऱ्या दिवशी गुपचूप बदलला आणि कुणाला काही बोललो नाही.

सोबत सव्वीस नंबरची बरोबर उत्तरं. एकोणतीस ते चौतीसही आहेत. सगळी उत्तरं पुस्तकाशी ताडून पाहिली आहेत. तरी तू तुझी ताडून बघ.


२ एप्रिल

हे पत्र परीक्षेच्या आधी पोचेल असा हिशेब केला आहे. नऊ दिवस लागतात.

काल वर्गात सांगितलं. फळ्यावर लिहिलं, कागद सात, प्रश्न अकरा. म्हटलं, हे मी नऊ वर्षं चुकीचं शिकवलं. बरोबर उत्तर माझ्या बायकोनं काढलं, आत बसून, मला न विचारता.

मग ड्रायव्हर म्हणाला, "पण मास्तर, मी तर त्याच उत्तरावर मुलाखत दिली."

बेकरीवाला म्हणाला, "म्हणून तर साहेब पाच मिनिटं हसत होता."

सगळे हसले. मी थांबलो. मग शिवणकाम करणाऱ्या बाई, त्या मागच्या बाकावर बसतात, कधी बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, "आणि तो बारा चुकांचा कागद? तोही त्यांचाच ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?"

"मी तेव्हाच ओळखलं. त्यांनी माझा कप ठेवला तेव्हा बशी वाजत होती."

"मग तुम्ही हसलात कशाला?"

"मी नाही हसले, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुम्ही हसलात."

बेकरीवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तो म्हणाला, "वहिनींना सांगा, मी मूर्ख आहे." मी म्हटलं, इंग्रजीत सांग. त्यानं सांगितलं. वाक्य बरोबर होतं. कळवलं.

मग आम्ही सात नंबरचा कागद पुन्हा सोडवला. वर्ग साडेसातला सुटला. मी फळा पुसला, बाकं सरळ केली आणि तिथंच बसून राहिलो. काही आठवत नव्हतो. नुसता बसलो होतो.

परीक्षेला दोन पेन्सिली ने, दोन्हींना आधीच टोक कर. ऐकण्याच्या भागात पहिलं वाक्य सुटलं तर सोडून दे, त्याच्या मागं धावू नकोस, दुसरंही जातं. बोलण्याच्या भागात घाई करू नकोस. तुला काय म्हणायचंय ते तुला नेहमी माहीत असतं. समोरचा थांबेल. परीक्षा घेणारे थांबतात, त्यांना त्याचा पगार असतो.


२१ मे

तुझी बहीण आज सकाळी आली. अठ्ठ्याहत्तर गुण. काळांच्या भागात तीसपैकी एकोणतीस. तो एक कुठं गेला, ते सांगत नाहीत म्हणे. सांगायला हवं. माणसाला कळायला हवं.

ती या वेळी बसली. तिनं पिशवीतून एक फॉर्म काढला. तिथल्या कचेरीचा, दोन्ही बाजूंनी छापलेला, इंग्रजीत. अर्जदार विवाहित असेल तर जोडीदारानं भरायचा. ती म्हणाली, "ताई म्हणाली, घाई नाही, पण जूनच्या दहा तारखेच्या आत पोचायला हवा. नाहीतर जागा दुसरीला जाते." मग म्हणाली, "भाऊजी, तिनं असंही सांगितलंय की तुम्हाला भरायचा नसेल तर तसं सांगा, मी काही बोलणार नाही."

"ती काही बोलणार नाही, की तू?"

"दोघी."

माझ्याकडे या गावातले निम्मे लोक फॉर्म भरायला येतात, तुला माहीत आहे. प्रत्येकाला मी सांगतो, आधी प्रत काढा, प्रतीवर पेन्सिलनं भरा, दोनदा वाचा, मग मूळ कागदाला पेन लावा. माझ्या हातून गेलेल्या कागदावर आजवर खाडाखोड नाही. बहीण म्हणाली, "प्रत काढून आणू का कोपऱ्यावरून?" मी म्हटलं, "नको. मला लागत नाही."

नाव, जन्मतारीख, धंदा. धंद्यात शिलाई मशीन दुरुस्ती लिहिलं, शिक्षक नाही. लग्नाची तारीख. वेगळे कधीपासून राहता, तीही तारीख लिहिली. आठवा प्रश्न, तुम्ही अर्जदारासोबत राहायला येऊ इच्छिता का? मी नाही असं लिहिलं. तू बोलावलेलं नाहीस आणि न बोलावता मी गेलो तर तुझ्या खोलीतल्या दोघींची अडचण होईल. खरोखर असल्या तर.

नववा प्रश्न, अर्जदारानं कायम तिथं राहण्यास तुमची हरकत आहे का?

मी आहे असं लिहिलं.

विचार करून नाही. हात खाली गेला आणि लिहून मोकळा झाला, मोठ्या अक्षरात, निळ्या शाईनं. तुझी बहीण समोर बसून खिडकीतून बाहेर बघत होती. रस्त्यावर कुणीतरी फळी ओढत नेत होतं, तो आवाज बराच वेळ येत राहिला. मी फॉर्म हातात धरून बसलो. नवा मागवायचा तर येऊन भरून परत जायला महिना लागला असता. दहा जून टळली असती. नुसतं एवढं म्हटलं की झालं असतं, शाई सांडली, नवा मागव. माझ्यासारख्या माणसानं खाडाखोडीचा कागद पाठवला नाही, यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. तुलाही नाही. मला नीटनेटकं लागतं हे सगळ्यांना माहीत आहे.

मग मी पट्टी घेतली. त्या शब्दावर आडवी रेघ मारली. वरच्या बाजूला "नाही" असं लिहिलं. शेजारी सही केली, तारीख टाकली. खाडाखोडीपाशी सही असेल तर कागद चालतो, सूचनांमध्ये तसं दिलेलं आहे. मी वाचून घेतलं.

बहिणीनं फॉर्म उचलला, उजेडाकडे धरला. म्हणाली, "भाऊजी, खोडलेलं ताईला दिसेल हो."

मी म्हटलं, "दिसू दे. एकच रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं."